अठ्ठ्याऐंशी फास, एकच दोरा

सांगलीचे एक पेटीवाले आहेत, हार्मोनियम दुरुस्तीत त्यांची हयात गेली. त्यांच्याकडे ओळखीच्या बंगल्यातला एक जुना विलायती अपराइट पियानो आला आहे. एकच सूर भराभर वाजवला की तिसरा-चौथा ठोका गळतो. हळुवार वाजवलं तर काही पट्ट्या मुक्याच राहतात. पुढची फळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर हॅमरांच्या बुडाशी बारीक स्प्रिंगा मोकळ्या लोंबताहेत, आणि ज्या दोऱ्याच्या फासात त्या अडकायच्या तो काळा पडून तुटलेला. त्यांनी मोजले: ८८ पैकी ३१ गेलेले. आता विचारतात, तेवढे ३१ बदलू की सगळेच? तंबोऱ्याच्या जवारीचा रेशमी दोरा घरात आहे, तो चालेल, की मासे धरायचं नायलॉन घेऊ? स्प्रिंगा पेटीच्या तारेतून वळून घेऊ का? आणि चिकटवू कशाने?

मी मुंबईत तीस वर्षं हेच करतो आहे. थोडक्यात उत्तर असं: फास सगळे ८८ बदला. स्प्रिंगा होता होईतो त्याच ठेवा. जवारीचा दोरा नको, नायलॉन तर मुळीच नको. आणि सरस वापरा, सुताराचा जुना सरस. आता हे का, ते जरा ऐसपैस सांगतो, कारण पेटीचा हात पियानोवर चालवताना नेमकी इथेच फसगत होते.

पेटीत पट्टीची स्प्रिंग म्हणजे सगळा कारभार. ती मेली की पट्टी वर येत नाही, भोक उघडं राहतं आणि सूर भोंग्यासारखा चालू राहतो. त्यामुळे तुमचा हात स्प्रिंग ठणठणीत करण्याकडे जाणार. पियानोच्या बटावरची ही स्प्रिंग मात्र निव्वळ मदतनीस आहे. (बट म्हणजे हॅमरच्या दांडीखालचा लाकडी ठोकळा, ज्यावर हॅमर झुलतो.) अपराइटमध्ये तारा उभ्या असतात, हॅमर पुढे झुकून त्यांच्यावर आपटतो, म्हणून परत येताना वजनाचा त्याला फारसा उपयोग नाही. त्याला मागे आणणारे चौघे: तारेवरून मिळणारी उसळी, थोडंफार स्वतःचं वजन, विपन (पट्टी दाबली की वर उचलला जाणारा लाकडी भाग) खाली जाताना ब्रायडल टेपने, म्हणजे त्याला बटाशी जोडणाऱ्या फितीने, दिलेला हिसका, आणि ही बारीक स्प्रिंग. जोरात वाजवलंत तर तारच हॅमरला मागे फेकते, स्प्रिंग असली काय नि नसली काय. म्हणून ३१ फास तुटलेला पियानोही लग्नाच्या पार्टीत खपून जातो. अडतं ते हळुवार वाजवताना आणि भराभर वाजवताना. उसळी कमी, वेळ कमी. हॅमर अर्ध्या वाटेवर रेंगाळतो, तो पुरता मागे येत नाही तोवर जॅकला, म्हणजे बटाला ढकलणाऱ्या विपनावरच्या खुंटीला, बटाखाली शिरायला जागा मिळत नाही, आणि पुढचा ठोका हवेत जातो. तुमची दोन्ही लक्षणं अगदी हीच आहेत.

म्हणजे इथे जोर थोडाच लागतो, पण तो सगळीकडे सारखा लागतो. वाजवणाऱ्याच्या बोटाला जड पियानो चालतो, हलका चालतो. एक पट्टी जड आणि शेजारची हलकी, हे त्याला सहन होत नाही. फासाचं काम या सारखेपणाशी बांधलेलं आहे. फास दोन मिलिमीटर लांब झाला की स्प्रिंगचा पाय तेवढा कमी वाकतो आणि ओढ उतरते. ३१ नवे फास आणि ५७ जुने, ताणलेले, कसर खाल्लेले फास एकत्र ठेवलेत, तर पियानो दुरुस्त होऊनही चट्ट्यापट्ट्यांचा राहील. शिवाय ते ५७ त्याच रिळातले, त्याच वर्षी लावलेले आहेत. तुम्ही ॲक्शन (पट्ट्या आणि तारा यांच्यामधली ही सगळी यंत्रणा) काढून, लावून, ट्यूनिंग करून घरी गेलात की पुढच्या पावसाळ्यात त्यातले पंधरा जाणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "काय हो, आत्ताच तर केला होता!" अपवाद एकच. परवावर कार्यक्रम आहे आणि एकच फास तुटला आहे, तर तेवढा लावा आणि मालकाला खरं सांगा.

पण थांबा. दोरा तुटलेला दिसला म्हणून सगळा दोष दोऱ्याचाच, असं धरू नका. आपल्याकडे चार महिने हवा ओली. बटाच्या बिजागरीत, म्हणजे फ्लँजमध्ये, सेंटर पिन नावाची सव्वा मिलिमीटरची पिन असते आणि तिच्याभोवती लोकरी कापडाचं अस्तर असतं. ते कापड फुगलं की पिन आवळली जाते, आणि कितीही नवी स्प्रिंग घाला, हॅमर सुस्तच. म्हणून फास तुटलेला एक बट आणि फास शाबूत असलेला एक बट बाहेर काढा, दुसऱ्याची स्प्रिंग सोडवा, आणि फ्लँज हातात आडवी धरून हॅमर झुलू द्या. चार-पाच मोकळे झोके घेऊन थांबला तर पिन ठीक. एकाच झोक्यात मेला तर आधी पिनांचा इलाज, मग दोऱ्याचा. उलट, दहा-बारा झोके घेत बाजूला लडबडला तर पिन सैल आहे, तेही वाईटच. पिनेवर तेल घालू नका. शिवणयंत्राचं नाही, गंज सोडवायचा फवारा नाही. मी एकदा दादरच्या एका पारशी घरातला पियानो उघडला, तर सगळ्या ॲक्शनला खोबरेल तेलाचा वास! कुणीतरी प्रेमाने घातलं होतं. दोन महिने छान चाललं असेल. मग धूळ बसून त्याचा चिकटा झाला. त्या वेळी दोऱ्याचं काम बाजूलाच राहिलं, ८८ पिना आणि सगळी अस्तरं बदलावी लागली.

आता ॲक्शन काढणं. तुम्ही सवयीचे कारागीर आहात, म्हणून जिथे घात होतो तेवढंच सांगतो. ॲक्शन तीन-चार लोखंडी ब्रॅकेटांवर उभी असते आणि वरून नटांनी किंवा गोल मुठींनी आवळलेली असते. ते सोडवा, पेडलच्या दांड्या मोकळ्या करा, ॲक्शन आधी आपल्याकडे कलती करा आणि मगच दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटांना धरून सरळ वर उचला. हॅमर ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिला धरून उचलायचं नाही. उचलताना विपन लोंबकळतात, त्यांना ब्रायडल टेपांनीच धरून ठेवलेलं असतं. जुनी टेप तुटलेली असेल तिथला विपन खाली पडतो आणि परत बसवताना त्याचा जॅक बटाखाली अडकून मोडतो. तेव्हा टेपा आधी बघून घ्या. ॲक्शन ठेवायला दोन फळ्यांची घोडी आदल्या दिवशीच करून ठेवा. ती जमिनीवर पाडून काम करणाऱ्यांच्या डँपरच्या, म्हणजे सूर थांबवणाऱ्या गाद्यांच्या, तारा वाकतात, आणि मग आठवडाभर डँपर सरळ करत बसावं लागतं.

बटांवर आकडे छापलेले असतात, तरी ८८ बटांवर स्वतःच्या पेन्सिलीने आकडे घाला. हॅमरच्या फेल्टवर ज्याच्या त्याच्या तारांची खाच पडलेली असते. अदलाबदल झाली तर आवाज बिघडेल आणि कारण सापडणार नाही. स्क्रूंसाठी थर्माकोलचा तुकडा घेऊन त्याला ८८ भोकं पाडा. जुन्या स्क्रूंची लांबी सारखी असेलच असं नाही.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. ॲक्शनच्या लाकडी दांड्यावर किंवा पितळी पट्टीवर ‘श्वांडर’ किंवा ‘हेरबर्गर ब्रूक्स’ असा शिक्का आहे का? जाँ श्वांडर यांच्या पॅरिसच्या कारखान्यात पियानो बनत नव्हते, फक्त ॲक्शन बनत, आणि त्या नाना कंपन्यांच्या पियानोंत जात. पुढे धंदा हेरबर्गर घराण्याकडे गेला आणि १९२० साली लंडनच्या ब्रूक्सशी जोडला गेला. म्हणून पियानोच्या झाकणावर नाव कुणाचंही असो, आतली ॲक्शन बऱ्याचदा हीच निघते. बटावर स्प्रिंग, फ्लँजला दोऱ्याचा फास, ही ठेवण याच घराण्याची, आणि जपानी अपराइटांनीही ती उचलली. शिक्का सापडला तर सुटे भाग मागवताना निम्मं काम होतं. दुसऱ्या जातीच्या ॲक्शनमध्ये सगळ्या स्प्रिंगा एका लांब पट्टीवर रोवलेल्या असतात आणि बटाला नुसत्या टेकतात. तिथे फास नसतोच. तुमच्या वर्णनावरून तुमची ॲक्शन पहिल्या जातीची आहे.

आता दोरा. फास का, तारेचा आकडा सरळ लाकडात का नाही अडकवला, याचं उत्तर एकदा कळलं की दोरा कसला हवा ते आपोआप कळतं. प्रत्येक ठोक्याला स्प्रिंगचं टोक जागच्या जागी थोडं फिरतं. धातू लाकडावर घासला तर कुरकुरतो, धातूवर घासला तर टिकटिकतो. दोरा मऊ असतो, तो आवाज गिळतो, आणि तरीही ओढ धरून ठेवतो. म्हणजे दोरा मऊ हवा, ताणल्यावर न वाढणारा हवा, आणि त्याला गोंद धरायला हवा. तिन्ही एकदम.

नायलॉनचं काय होतं? एकसंध तार असते ती, गोंद तिच्यावरून निसटतो, वळण दिलं तर सरळ व्हायला बघते, आणि कडक असल्यामुळे टिकटिक करते. तीन परीक्षांत तिन्हीत नापास. जवारीच्या दोऱ्याची गोष्ट वेगळी. तो वाईट नाही, पण तो दुसऱ्याच कामाचा आहे. मिरजेची मंडळी तो घोडीवर तारेखाली सरकवतात, सूर खुलला की थांबतात. झिजला की नवा घालतात. तिथे तो दबतो, ताणला जात नाही. इथे त्याच्यावर चोवीस तास, वर्षानुवर्षं ओढ आहे. पीळ दिलेला दोरा ओढीखाली हळूहळू उलगडतो आणि वाढतो. आपल्याला गोफ हवा, म्हणजे गोल विणलेली बारीक दोरी, पीळ दिलेला दोरा नव्हे. जुने कारागीर रेशमी गोफ वापरत. आता पॉलिएस्टरचा गोफ मिळतो आणि मी तोच घेतो. रेशमावर माझा जीव आहे, पण कसरीचाही आहे. डांबराच्या गोळ्या टाकल्या तरी मुंबईच्या दमट फ्लॅटात रेशीम आणि लोकर यांच्यावर तिची पहिली पंगत बसते.

पियानोचे सुटे भाग विकणारे युरोपातले नि जपानमधले व्यापारी हा गोफ मीटरवर देतात. एका फासाला कापण्यात वाया जाणारं धरून चार सेंटिमीटर धरा, म्हणजे ८८ फासांना साडेतीन मीटर होतात. पाच मीटर मागवा, आणि सगळा एकाच रिळातला घ्या. जाडी अशी, की फ्लँजच्या खाचेत तो दाबून बसला पाहिजे आणि खाचेच्या वर डोकं काढता कामा नये. स्थानिक बाजारात काही सापडलं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा घ्या: हातभर तुकडा खिळ्याला टांगा, खाली अर्ध्या किलोचं वजन लावा, पेन्सिलीने खूण करून रात्रभर ठेवा. सकाळी वजन काढल्यावर तुकडा मूळ लांबीवर आला नाही तर तो पुजेच्या साहित्यात जाऊ द्या. जवारीच्या दोऱ्यालाही हीच परीक्षा लावून बघा, म्हणजे मी का नको म्हणतो ते डोळ्यांनी दिसेल.

गोंदाबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. धंद्यात नवा असताना मला घाई फार. वांद्र्याच्या एका घरचा पियानो होता, आणि मी दोन थेंबांत चिकटणारा झटपट गोंद वापरून ८८ फास एका दुपारीत संपवले. स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. डिसेंबरात फोन आला: पियानो टाइपरायटरसारखा वाजतोय. तो पातळ गोंद खाचेतून गोफात चढला होता आणि फासाची टोकापर्यंत काडी करून बसला होता. मऊपणा संपला, प्रत्येक ठोक्याला टिक. सगळे फास खरवडून काढायला जितके दिवस लागले तितक्यात दोन पियानो झाले असते. ज्या गोव्याच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे मी शिकलो, ते एवढंच म्हणाले, "सरसाचं भांडं कुठे गेलं तुझं?"

पांढऱ्या गोंदाचं, म्हणजे फेविकॉलच्या जातीच्या गोंदाचं वेगळं. तो दोन लाकडं जोडायला उत्तम. पण वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो, आणि सतत ओढ असली की कणाकणाने सरकतो. फासाला सतत ओढच असते. सरस वाळला की दगड, सरकत नाही. शिवाय गार होताच तो जेलीसारखा धरतो, त्यामुळे गोफ बोटाने धरून बसावं लागत नाही. आणि पन्नास वर्षांनी कुणाला हे काम पुन्हा करायचं असेल तर कोमट पाण्याने सुटतो. भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंशांवर गरम ठेवा. उकळलात तर त्याची ताकद गेली. पावसाळ्यात करत असाल तर थोडा थोडा ताजा भिजवा, दोन दिवसांत त्याला बुरशी येते आणि घरचे तुम्हाला भांड्यासकट बाहेर काढतात.

जुना फास काढताना हीच गोष्ट कामी येते. बारीक कुंचल्याने खाचेत कोमट पाणी फिरवा, पाच मिनिटं थांबा, आणि सुईने दोरा उचलून काढा. फ्लँज पाण्यात बुडवू नका. आतलं अस्तर भिजून फुगेल आणि वर सांगितलेला पिनेचा आजार तुम्हीच लावाल. खाच ब्लेडने खरवडून रुंद करू नका. फास बदलायला सेंटर पिन काढायची गरज बहुधा पडत नाही; स्प्रिंग सोडवली की फ्लँज पुरेशी उलटते.

फासाचं माप ठरवायला एक शाबूत जुना फास शोधा, जरा कमी वाजणाऱ्या टोकाकडचा, मधल्या सप्तकांतला नको. त्यातून सहज जाईल पण खेळ राहणार नाही अशी एक गुळगुळीत सळी शोधा. सायकलचा आरा, गिटारची जाड तार, विणकामाची सुई, काहीही. हेच तुमचं माप, आणि ८८ फासांना हीच एक सळी वापरायची. तिला मेण चोळा म्हणजे सरसाला चिकटणार नाही. सुईच्या टोकाने खाचेत सरस भरा, सळीवरून गोफ घेऊन त्याची दोन्ही टोकं खाचेत बसवा, बोथट सुरीच्या पाठीने दाबा, वर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसा. फासाच्या वळणावर सरस जाऊ द्यायचा नाही, तिथे गोफ कोरडा आणि मऊच हवा. गोफाला मेण लावू नका, मग सरस धरत नाही. सरस गोठला की सळी हलकेच फिरवून काढा. मी एका बैठकीत बारा करतो, एक सप्तक. बारा झाले की उठतो, चहा घेतो. सलग वीस केले की एकविसाव्या फासापासून हात सैल पडतो आणि पुढचे सगळे अर्धा मिलिमीटर मोठे होतात. ते तुम्हाला दिसत नाही, वाजवणाऱ्याला कळतं. एक रात्र वाळू द्या, मग धारदार ब्लेडने टोकं लाकडाला समतल कापा.

स्प्रिंग फासात अडकवायला बाजारात आकडा मिळतो. मी बारीक क्रोशाची सुई वापरतो, आईच्या डब्यातली, अजून तीच आहे. स्प्रिंगचा पाय गरजेपुरताच मागे ओढा. जास्त ताणलात की तो तसाच वाकून राहतो आणि त्या एका सुराची ओढ कायमची बदलते. टोक फासाच्या मधोमध बसलं पाहिजे. लाकडाला लागलं तर कुरकुर सुरू.

आता स्प्रिंगांकडे येतो. पितळी किंवा ब्राँझच्या स्प्रिंगा हिरवट झाल्या असतील तर पुसून घ्या, त्या बहुधा ठीक असतात. पोलादी असतील आणि गंजाने खड्डे पडले असतील तर बदला, कारण खड्ड्याच्या जागी त्या एक दिवस तुटणारच. पेटीच्या तारेतून वळून घेण्याचा मोह मला कळतो, तुमच्या हाताला ते सोपं आहे. पण हिशेब बघा. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त दहा टक्के जाड घेतलीत तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के ताठ होते. डोळ्याला दहा टक्के दिसत नाहीत, बोटाला ४६ टक्के लगेच कळतात. त्यातून पेटीची तार पोलादी, ब्राँझपेक्षा मुळातच ताठ. तुटलेल्या दोन-चार स्प्रिंगा वळायच्याच असतील तर तार ब्राँझचीच घ्या, जाडी मायक्रोमीटरवर मोजा, वेटोळ्यांची संख्या आणि वेटोळ्याचा व्यास मूळच्यासारखाच ठेवा. आणि त्या पियानोच्या दोन टोकांना लावा. टोकाच्या शाबूत स्प्रिंगा काढून मधल्या, रोज वाजणाऱ्या भागात आणा. ही कारागिराची लबाडी आहे, पण प्रामाणिक लबाडी आहे. वीसेक स्प्रिंगा गेल्या असतील तर मात्र पूर्ण संचच मागवा.

बट बाहेर आहेत तोवर ब्रायडल टेपा नव्या लावून टाका, नंतर त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही. सगळ्यांची लांबी एक. हॅमर आरामात असताना टेप जराशी सैल, ताठ नाही.

डँपरच्या स्प्रिंगाही याच वेळी पाहा. सूर सोडल्यावरही गुंजत राहत असेल तर तिथली स्प्रिंग गेली आहे. पुष्कळ ॲक्शनमध्ये डँपरच्या स्प्रिंगचं वेटोळं फ्लँजच्या भोकातून आरपार गेलेल्या गोफावर बसवलेलं असतं. इथे गोफ फास नाही, आस आहे. जुना तुकडा ढकलून काढा. नव्या गोफाचं एक टोक तिरकं कापून, फक्त तेवढंच टोक गोंदाने कडक करा, सुईसारखं. ते फ्लँजच्या एका बाजूने घालून वेटोळ्यातून नेऊन दुसऱ्या बाजूला काढा, आणि मऊ भाग भोकात घट्ट बसेपर्यंत ओढा. बाहेरच्या दोन्ही बाजूंना सरसाचा ठिपका, मग कापणं. खर्जाच्या डँपरांच्या स्प्रिंगा जोरदार असतात, वरच्या सुरांच्या नाजूक. त्यांची सरमिसळ करू नका. सर्वांत वरच्या वीसेक सुरांना डँपर नसतोच, तो हरवलेला समजून शोधू नका. जॅकखालच्या शंकूसारख्या स्प्रिंगा क्वचित जातात. गेलीच एखादी, तर तिची उंची शेजारणीशी जुळवून, खालच्या टोकाला सरसाचा थेंब लावून बसवा.

पुढेमागे तुमच्याकडे ग्रँड पियानो आला, तर हे सगळं तसंच्या तसं नेऊ नका. ग्रँडमध्ये हॅमर वजनानेच खाली येतो, त्यामुळे बटाची स्प्रिंग नाही. तिथली महत्त्वाची स्प्रिंग वेगळी. सेबास्तियाँ एरार यांच्या ज्या यंत्रणेचं पेटंट १८२१ साली लंडनमध्ये घेतलं गेलं, तिच्यामुळे पट्टी पुरती वर न येताही सूर पुन्हा वाजतो, आणि ते काम एक स्प्रिंग करते. काही जुन्या युरोपीय ग्रँडमध्ये ती जॅकला रेशमी दोऱ्याने जोडलेली असते. दोरा बदलण्याची रीत साधारण हीच, पण परीक्षा निराळी: जोरात वाजवून हॅमर अडकलेला असताना पट्टी किंचित सोडली की हॅमर शांतपणे वर यावा. उडाला तर ओढ जास्त, जागचा हलला नाही तर कमी.

तुमच्याकडे परत येतो. सगळं बसवल्यावर, ॲक्शन पियानोत जाण्याआधी, एक लांब पट्टी घेऊन बारा-बारा हॅमर एकदम पुढे ढकला आणि एकदम सोडा. मागे पडणारा लगेच दिसतो. मग ॲक्शन बसवून हॅमर आणि तार यांतलं अंतर बघा, साधारण ४५ मिलिमीटर असावं, आणि पट्टी अगदी सावकाश दाबली की हॅमर तारेपासून तीनेक मिलिमीटरवर सुटून मागे यावा. नव्या फासांमुळे हॅमर आता आधीपेक्षा चटकन मागे येतील, त्यामुळे आधी कुणी तुटलेल्या फासांवर तोडगा म्हणून इकडचं तिकडचं केलं असेल तर ते आता उघडं पडेल. दोन-तीन तास त्यात जातील, ते मजुरीत धरा. पेटीवाल्यांची एक सवय मला माहीत आहे, हे तास ते पैशांत धरत नाहीत.

आणि सगळं मिटवण्याआधी सर्वांत डावी पट्टी उचला. तिच्या लाकडी बाजूवर कदाचित जुन्या कारागिरांच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या सापडतील. त्यांच्याखाली तुमची तारीख घाला आणि लिहा: सगळे फास नवे, पॉलिएस्टर गोफ, सरस. उरलेला दीड मीटर गोफ कागदात गुंडाळून तळाच्या फळीमागे ठेवून द्या.